हरिश्चंद्रगडावर ट्रायपॉड नेतोच आहे, मग कॅमेरा कोणता नेऊ?

गुडघेदुखी५३
मार्चमधल्या अमावास्येला पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगड ठरतोय. दोनच फोटोंसाठी चाललोय म्हणा ना: केदारेश्वराच्या गुहेतली पिंड आणि पहाटेची आकाशगंगा. घरचा निकॉन डी७५० आहे ८४० ग्रॅम, त्यावरची १४-२४ लेन्स आणखी किलोभर. मेहुणा त्याचा ऑलिंपस ई-एम१० मार्क टू देतोय, १२ मिमी एफ/२ लेन्ससकट जेमतेम ५२० ग्रॅम. सव्वादोन किलोचा ट्रायपॉड तर न्यायचाच. डावा गुडघा उतरताना कुरकुरतो. मागे रतनगडाला मोठा कॅमेरा नेला, तर शिडी यायच्या आधीच माझी सॅक मुलाच्या पाठीवर. तो अजून ऐकवतो. ट्रायपॉड असताना ऑलिंपसच्या छोट्या सेन्सरनं (उजेड टिपणाऱ्या चिपनं) खरंच काही अडतं का?

कातळवेडी
काका, गुहेत अजिबात अडत नाही. हाच कॅमेरा घेऊन मी दोनदा गेलेय. आत कंबरभर गार पाणी, चार खांबांतला एकच शाबूत, उजेड काय तो तोंडाकडून. आयएसओ २००, एफ/५.६, १५ सेकंद. पिंड हलत नाही, खांब हलत नाही, मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, चढवून फोटोत दाणे आणायचे कशाला? मोठ्या सेन्सरचा फायदा दिसतो तो आयएसओ चढवल्यावरच. पाण्यातून प्रदक्षिणा चालू असेल तर मात्र थांबा. लाटा १५ सेकंदांत साईसारख्या होतात, माणसांची भुतं होतात! १६ मेगापिक्सेलचा तो फोटो १२ बाय १८ इंचात छापलाय, नाक लावून पाहिलं तरी कातळाचा खरखरीतपणा दिसतो. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंद करा, २ सेकंदांचा टायमर लावा. पहिल्या खेपेला मी विसरले, सगळे फोटो धूसर.

रात्रपाळी
ताईंचं गुहेपुरतं मान्य. आकाशगंगेला ट्रायपॉडचं काही कौतुक नाही, कारण तारे सरकतात. ५०० चा ढोबळ नियम लावा, ५०० भागिले लेन्सचे मिमी म्हणजे सेकंद: ऑलिंपसचे १२ मिमी म्हणजे तुमच्या निकॉनसारख्या मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरचे २४, म्हणून २० सेकंदांपुढे तारे लांबट होणार. तुमच्या १४ मिमीला ३५ पर्यंत मुभा. त्यात ऑलिंपसचा सेन्सर क्षेत्रफळानं पाव, दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तुमच्या लेन्सच्या एफ/२.८ ऐवजी एफ/२ मुळे एक परत आला (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), पण कमी सेकंदांपायी पुन्हा जवळजवळ एक गेला. तरी मी छोटाच नेईन. १५-१५ सेकंदांचे दहा फोटो घ्या आणि घरी सिक्वेटर या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक रचा, दाणे कमी होतात.
फक्त वजन वाचवायच्या नादात ट्रायपॉड हलका घेऊ नका. कड्यावरच्या वाऱ्यात मधला दांडा वर काढलात की कुठलाही कॅमेरा थरथरतो. ट्रायपॉडच्या हुकाला सॅक अडकवलीत तर तिचं बूड जमिनीला टेकू द्या, नाहीतर झोपाळा होतो.

गुडघेदुखी५३
ठरलं, ऑलिंपस. मेहुण्याला फोन केला, बॅटरी एकच आहे म्हणतो. पुण्यात कुणी दुसरी देईल का, तीन दिवसांपुरती?