डीव्हीआरचा पासवर्ड बदलला आणि एनव्हीआरवरचे आठ कॅमेरे गेले

प्रश्न (सोसायटी सचिव, डोंबिवली):
आमच्या ए विंगमध्ये जुना ८ चॅनेलचा (आठ कॅमेऱ्यांचा) डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर आहे, बी विंगमध्ये १६ चॅनेलचा एनव्हीआर, म्हणजे नेटवर्कवरून कॅमेरे घेणारा रेकॉर्डर. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. वॉचमनच्या केबिनमध्ये एकाच टीव्हीवर सगळं दिसावं म्हणून ए विंगचे आठही कॅमेरे एनव्हीआरमध्ये जोडून घेतले होते. गेल्या महिन्यात इन्स्टॉलरचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपलं. त्याच्याकडच्या सगळ्या मुलांना पासवर्ड पाठ, म्हणून रविवारी मी डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला. सोमवारी केबिनमध्ये आठ चौकटी काळ्या, वर ‘युजर लॉक्ड’. एनव्हीआरमध्ये नवा पासवर्ड टाकायला बसलो, पण तिसऱ्या चॅनेलपर्यंत पोचतो तोवर पुन्हा लॉक. डीव्हीआरच्या स्वतःच्या मॉनिटरवर मात्र तोच पासवर्ड चालतो. त्याच रात्री एका सभासदाची सायकल गेलीय, फुटेज गेलं की काय या काळजीत आहे.

उत्तर १ (सीसीटीव्हीचं काम करतो, नाशिक):
सचिवसाहेब, फुटेज कुठे जात नाही. डीव्हीआर स्वतःच्या हार्डडिस्कवर रेकॉर्ड करतोच आहे, तुटलंय ते फक्त एनव्हीआरवर दिसणं. सायकलचं क्लिप आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा, डिस्क भरली की जुनं पुसलं जातं.

आता लॉकचं. पासवर्ड तुम्ही एका जागी बदललात, पण तो एनव्हीआरमध्ये आठ चॅनेलना वेगवेगळा लिहिलेला आहे. आठही चॅनेल जुना पासवर्ड घेऊन सारखे दार ठोठावतात. पाच-सात चुका झाल्या की बरेच डीव्हीआर अर्धा तास दार लावून घेतात. म्हणून आधी डीव्हीआरच्या मागची लॅनची वायर काढा. एनव्हीआरमधले ते आठ चॅनेल डिलीट करा, डीव्हीआर रीस्टार्ट करा आणि मगच वायर लावा.

आणि हात जोडून सांगतो, जोडणीला अ‍ॅडमिन वापरू नका. डीव्हीआरमध्ये वेगळा युजर उघडा, त्याला लाइव्ह आणि प्लेबॅक एवढेच हक्क द्या. उद्या अ‍ॅडमिन कितीदाही बदललात तरी केबिनचा टीव्ही काळा होणार नाही, आणि एनव्हीआरमधून कुणी पासवर्ड काढला तरी त्याला डिस्क फॉरमॅट करता येणार नाही. या युजरच्या पासवर्डात @ घालू नका. आरटीएसपीच्या (नेटवर्कवरून कॅमेऱ्याचं चित्र मागवायच्या पद्धतीच्या) पत्त्यात पासवर्ड आणि आयपी यांच्यामध्ये तेच चिन्ह येतं, काही मशीन तिथे गोंधळतात.

उत्तर २ (नेटवर्कचं काम, पुणे):
कंपन्या वेगळ्या आहेत म्हणजे जोडणी ऑनव्हिफने, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन एकमेकांशी बोलायच्या सामायिक पद्धतीने असणार. दोन गोष्टी बघा. काही डीव्हीआरमध्ये ऑनव्हिफचा युजर नेहमीच्या युजरपेक्षा वेगळा असतो, तो नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन बनवावा लागतो. दुसरं घड्याळ. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये पासवर्डाबरोबर वेळही मिसळून जाते. दोन मशीनच्या वेळेत फरक असला तर बरोबर पासवर्डही ‘चुकीचा’ ठरतो. माझा एकदा अख्खा दिवस यात गेलाय.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. नाशिकच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे केलं, लॉक थांबलं, तरी पासवर्ड चुकीचाच म्हणत होता. मग घड्याळ पाहिलं. डीव्हीआर २२ मिनिटं मागे! वेळ जुळवली, घड्याळ चालू ठेवणारा आतला बटण सेल बदलला आणि आठही चौकटी उजळल्या. नवा अ‍ॅडमिन पासवर्ड पाकिटात घालून खजिनदारांच्या सहीने सोसायटीच्या कपाटात ठेवलाय.

सायकलच्या क्लिपवर २:१० दिसतात, म्हणजे खरे २:३२ वाजले होते. पोलीस चौकीत दिलेल्या अर्जात तसं लिहून दिलं, कारण त्यांनी रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात २:१० चंच फुटेज शोधलं असतं.