मदत हवी आहे: जुन्या स्पॅनिंग ट्रीवरून आरएसटीपीवर जायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

सात स्विचचं छोटं नेटवर्क सांभाळतो. दोन मधले, पाच मजल्यांवरचे. मधले दोघे एकमेकांना जोडलेत आणि प्रत्येक मजल्यावरून दोघांकडे एकेक केबल जाते. सगळे अजून जुन्या 802.1डी वर, म्हणजे जादा केबलींमुळे डेटा गोल फिरत राहू नये म्हणून काही वाटा बंद ठेवणाऱ्या मूळ स्पॅनिंग ट्रीवर. आरएसटीपी ही त्याचीच वेगवान आवृत्ती.

परवा तिसऱ्या मजल्याची एक केबल बदलायला काढली आणि अख्खा मजला 30 सेकंद बंद. दुसरी केबल जागेवर होती, पण तिच्या पोर्टने वाहतूक सुरू करण्याआधीच्या दोन टप्प्यांत, लिसनिंगमध्ये 15 आणि लर्निंगमध्ये 15 सेकंद घालवले. समोर पिंग चालू होतं, एकेक ओळ टाइम आउट होताना बघत बसलो.

मग तपासलं तर रूट (ज्याला मुख्य धरून बाकीचे वाटा ठरवतात तो स्विच) निघाला चौथ्या मजल्यावरचा सगळ्यात जुना स्विच! रूट निवडताना लहान प्रायॉरिटी जिंकते, पण सगळ्यांची 32768, त्यामुळे ज्याचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा क्रमांक) लहान तो राजा. परिणामी मधल्या दोघांमधली लिंक ब्लॉक आणि त्यांच्यातली सगळी वाहतूक या म्हातारबांच्या पोटातून. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही (माझ्याही). आणि नेमकं त्यालाच आरएसटीपी येत नाही.

शनिवारी रात्री सगळं एकदम बदलावं म्हणतो. क्रम काय ठेवू? हा एक जुना स्विच बाकीच्यांनाही मागे खेचेल का? व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी भाग) चारच आहेत, त्यांच्या गटांना वेगळी ट्री देणाऱ्या एमएसटीपीच्या वाटेला जावं का?

प्रतिसाद १
चार व्हीलॅनसाठी एमएसटीपी नको. रीजनचं (स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजन क्रमांक आणि कोणता व्हीलॅन कुठल्या ट्रीत याचं मॅपिंग सगळीकडे तंतोतंत जुळवत बसाल.

दोन कामं एका रात्रीत करू नका. आधी जुन्याच मोडमध्ये रूट हलवा: मधल्या एकाला प्रायॉरिटी 4096, दुसऱ्याला 8192. तेवढ्यानेही झटका बसेल, म्हणून कामाची वेळ टाळा. चार दिवसांनी मोड बदला, टोकाकडून मध्याकडे. दूरून लॉगिन करणार असाल तर मोड बदलताच संपर्क तुटेल, स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल जवळ ठेवा. जुन्या स्विचची काळजी नको. त्याच्याकडे जाणारे पोर्टच तेवढे जुनं बोलतील.

खरी गोम एज पोर्टची, म्हणजे ज्यांच्या पलीकडे दुसरा स्विच नाही अशा पोर्टांची. पीसी, प्रिंटरचे पोर्ट एज केले नाहीत, तर अपलिंक (मधल्या स्विचकडे जाणारी लिंक) क्षणात उठेल आणि माणसं 30 सेकंद तशीच बसून राहतील. त्या पोर्टांवर बीपीडीयू गार्डही लावा (तिथे चुकून स्विच जोडला तर पोर्ट बंद होतो). शिवाय पाथ कॉस्ट (लिंकच्या वेगावरून ठरणारी वाटेची किंमत) बघा: 1 गिगाबिटला एका स्विचवर 4 आणि दुसऱ्यावर 20000 असेल तर वाट भलतीकडून निवडली जाते.

धागाकर्ता
एज पोर्टचं डोक्यातच नव्हतं! आत्ता पाहिलं, जेमतेम नऊ लावलेत. आणखी एक, दुसऱ्या मजल्याचा एक अपलिंक हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने चालणारा) दिसतोय. मध्ये जुना मीडिया कन्व्हर्टर (एका प्रकारची केबल दुसऱ्या प्रकाराला जोडणारा डबा) आहे. चालेल?

प्रतिसाद १
चालेल, पण आरएसटीपी त्याला शेअर्ड लिंक (दोनापेक्षा जास्त उपकरणं असू शकतील अशी) समजेल आणि तिथे 30 सेकंद तसेच राहतील. शनिवारच्या आधी तो कन्व्हर्टर काढा.