सागाची वलये मोजली, पण पावसाशी मेळ बसत नाही

रोपवन_२२:
चंद्रपूर जिल्ह्यातला लागवडीचा साग. २२ झाडे, प्रत्येकी एक नमुना, छातीच्या उंचीवर (१.३७ मीटर) ५.१५ मिमीच्या बोररने (पोकळ गिरमिटाने) काढलेला. वलयांची रुंदी जून-सप्टेंबरच्या पावसाशी ताडली, तर सहसंबंध जवळपास शून्य! सागाची वलये वार्षिक नसतात का?

काष्ठवेत्ता:
वार्षिकच असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं कितीतरी काम सागाच्या वलयांवरच उभं आहे. गडबड मोजणीत असणार.

एका झाडाचा एकच नमुना घेतला की चूक पकडायला काही उरत नाही. समोरासमोरच्या बाजूंनी दोन घ्या. उतारावर असाल तर चढ-उताराच्या दिशेने नको, आडव्या रेषेत.

पॉलिश पेपर १२०, २२०, ४००, ६०० असा चढत्या क्रमाने मारा. पट्टीवर चिकटवताना लाकडाचे तंतू उभे हवेत; आडवे बसले तर छिद्रं दिसतच नाहीत. खरं वलय मोठ्या छिद्रांच्या रांगेने एकदम सुरू होतं. पावसाळ्यात मोठी उघडीप पडली किंवा अळीने पाने खाल्ली की खोटं वलय पडतं; त्याची कड दोन्ही बाजूंना विरत जाते. ते धरलं किंवा एखादं बारीक वलय सुटलं, की त्यामागची सगळी वर्षं सरकली. म्हणून आधी सगळ्या झाडांत एकाच वर्षी अरुंद पडलेली वलयं जुळवा, मग कोफेका या जुळणी तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅममधून तपासा.

जंगलवाट:
शिवाय कच्ची रुंदी पावसाशी लावायची नसते. खोड जाड होत जातं तसं वलय आपसूकच बारीक होतं. तो उतार आधी काढा, मग निर्देशांक (प्रत्यक्ष रुंदी भागिले त्या वयाला अपेक्षित रुंदी) वापरा. लागवड म्हणजे विरळणी झालीच असणार. तिची वर्षं वनविभागाच्या कार्य आयोजनेत मिळतील. शेजारची झाडं निघाली की पाऊस बेताचा असला तरी वलयं काही वर्षं रुंद येतात. आदल्या वर्षाचा पाऊसही ताडून पाहा, साठवलेल्या अन्नावर पुढची पालवी फुटते.

रोपवन_२२:
विरळणी दोनदा झाली आहे, ते लक्षातच घेतलं नव्हतं. नमुने फेब्रुवारीत काढले. सालीलगतचं वलय चालू वर्षाचं धरलंय, बरोबर ना?

काष्ठवेत्ता:
नाही हो! फेब्रुवारीत साग वाढतच नाही. सालीलगतचं वलय मागच्या पावसाळ्याचं. तुमची प्रत्येक मालिका एक वर्ष पुढे सरकली आहे. आधी ते दुरुस्त करून परत ताडा, बाकीचं नंतर.