मदत हवी आहे: आरएक्स १०० चा सायलेन्सर तेल गाळतोय आणि उतारावर पुढचं चाक आपोआप जाम होतंय (इंदूर)

नमस्कार मंडळी,

गाडी यामाहा आरएक्स १००, मॉडेल १९९३. बाबांनी नवी कोरी घेतली होती आणि मी किक मारायला हिच्यावरच शिकलो. तीन वर्षांपूर्वी त्यांना विचारूनच तिला मातीतली गाडी केली. मडगार्ड उंच, ऑफ-रोड टायर, पुढे ड्रमच्या जागी दुसऱ्या गाडीचा डिस्क ब्रेक. मागे मूळचाच ड्रम आहे. ऑइल पंप तेव्हाच काढला, आता टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) पेट्रोलमध्ये मिसळून टाकतो, लिटरला ४० मिली. दर रविवारी पहाटे महूच्या बाजूला जाणं होतं, कधी चोरल, कधी जानापाव.

आधी तेलाचं सांगतो. बेंड (इंजिनमधून निघणारा वाकडा पाइप) आणि सायलेन्सरच्या जोडातून काळं, पातळ तेल गळतं. रात्री खाली पुठ्ठा ठेवला तर सकाळी त्यावर हाताच्या पंजाएवढा डाग असतो. चालवताना तेच मागे उडतं, स्विंग आर्मवर, टायरच्या कडेला, ड्रमच्या झाकणावर. प्लग काढला तर ओला आणि काळा. मिस्त्री म्हणाले पिस्टनच्या रिंग गेल्या, बोअर करून घ्या (सिलेंडर आतून कोरून नवा पिस्टन). पण गाडी पहिल्या किकला उठते आणि चढावर दमत नाही, म्हणून बोअरला हात लावायची माझी तयारी नाही. मागचा ब्रेक मात्र मंदावलाय. ड्रम उघडला तेव्हा शू चकचकीत आणि काळपट ओले होते. हे सायलेन्सरचंच तेल आत शिरलं असेल का?

खरी भीती पुढच्या ब्रेकची आहे. गेल्या महिन्यात जानापाववरून उतरताना निम्म्या वाटेपासून गाडी जड वाटू लागली. खाली पोचेपर्यंत लिव्हर दगडासारखा कडक, आणि चाक उचलून फिरवलं तरी फिरेना. डिस्क प्लेटवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडून गेला. वीस मिनिटं सावलीत उभी केल्यावर काहीही न करता मोकळी झाली. मग मिस्त्रींनी दोनदा हवा काढली, ब्रेक ऑइल बदललं, पॅड नवे घातले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. जुलैत तिंछाच्या अलीकडे काळ्या मातीत गाडी आडवी झाली होती, पण तेव्हा फक्त इंडिकेटर आणि ब्रेकचा लिव्हर तुटला होता, तो बाजारातून आणून लगेच बदलला.

माझा भाचा १९ वर्षांचा आहे, त्याला हीच गाडी शिकायची आहे. ब्रेकची पूर्ण खात्री होईपर्यंत मी ती त्याच्या हातात देणार नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

प्रतिसाद (बडोद्याहून):

दादा, लिव्हरचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला तिथंच शंका येते. ऑइलमध्ये हवा असती किंवा ते उकळत असतं तर लिव्हर मऊ पडला असता. (नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पण हवेतली ओल शोषली की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच.) तुमचा लिव्हर कडक होतोय, म्हणजे दाब आत अडकतोय. मास्टर सिलेंडरमध्ये (हँडलवरचा, लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा भाग) टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं. लिव्हर सोडला की त्यातून ऑइल परत डबीत जातं. नव्या लिव्हरचं नाक पिस्टनला जरा जरी दाबून धरत असेल तर ते भोक झाकलेलंच राहतं. ऑइल तापून फुगतं, जायला वाट नाही, पॅड अजून आवळतात, अजून तापतं.

चाक जाम झालं की आधी गाडी पूर्ण गार होऊ देऊ नका, पण चटकाही बसू देऊ नका. हातमोजे घाला, कॅलिपरला (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) फडकं गुंडाळा आणि मास्टर सिलेंडरजवळचा पाइपचा बोल्ट किंचित ढिला करा. चाक सुटलं तर दोष वर आहे. नाही सुटलं तर तो बोल्ट आवळून खाली कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल उघडा. तिथं सुटलं तर पाइप आतून फुगलाय. दोन्हीकडे नाही सुटलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिन अडकलीय.

तेलाबद्दल: बोअर आत्ता मुळीच करू नका. जंगलात पहिल्या गिअरमध्ये हळू चालवताना टू-स्ट्रोक पुरती तापत नाही, न जळलेलं तेल सायलेन्सरमध्ये साठतं. त्यात मिश्रण गडद असेल, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त, तर आणखीच. एअर फिल्टरचा स्पंज धुतलात कधी? कार्ब्युरेटरमधल्या नीडलची क्लिप एक खाच वर घ्या, म्हणजे नीडल खाली बसेल, आणि प्लग कॉफीच्या रंगाचा होतो का बघा. पेट्रोलमधलं ऑइल मात्र एकदम कमी करू नका. एक तपासणी नक्की करा: गिअर ऑइल मोजून भरा आणि काही रविवारांनी मोजून काढा. कमी निघालं तर क्लच बाजूचं क्रँकचं सील गळतंय आणि इंजिन तेच पितंय.

शूवरचा ओलावा बोटावर घेऊन बघा. पातळ आणि धुराचा वास असेल तर सायलेन्सरचं, चिकट आणि तपकिरी असेल तर बेअरिंगचं ग्रीस. कोणतंही असो, ते शू पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. लायनरने प्यायलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं.

धागाकर्ता:

मनापासून आभार. तुटलेला लिव्हर डब्यात जपून ठेवला होता. दोन्ही शेजारी धरले तर नव्याचं नाक नखभर पुढे होतं. मूळ मापाचा बसवला, आता दाबण्याआधी थोडी ढील जाणवते. काल जानापाव दोनदा उतरलो, खाली येऊन चाक उचललं तर बोटाने ढकलल्यावर फिरत राहिलं. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

फिल्टरच्या स्पंजातून वाटीभर माती निघाली. धुऊन, क्लिप वर घेतल्यावर पुठ्ठ्यावरचा डाग रुपयाएवढा राहिलाय. जोडाची गॅस्केट चेपली होती, तीही बदलतोय. गिअर ऑइल मोजून भरलंय, महिन्याने काढून इथेच आकडा लिहीन. शूवरचा ओलावा बेअरिंगच्या ग्रीसचा निघाला, सायलेन्सरच्या तेलाचा नाही. नवे शू बसले की भाच्याला राऊच्या मोकळ्या मैदानात नेतो.