दवाखान्यातला नफा आणि क्लेमची अडवणूक

नफा नसेल तर दवाखाने काढणार कोण, हा प्रश्न बरोबर आहे. पण आमच्या सोलापुरात अश्विनी रुग्णालय सहकारी तत्त्वावर उभं आहे, म्हणजे दुसरी वाट आहेच. माझा राग नफ्यापेक्षा विम्याच्या क्लेमच्या अडवणुकीवर आहे. माझ्या काकू यंत्रमागावर कांड्या भरतात, पॉलिसी मुलानं काढलेली. सकाळी अकराला डिस्चार्ज सांगितला, विमा कंपनीची मंजुरी आली रात्री आठला. तोवर हातातली सुईसुद्धा न काढता, मांडीवर एक्स-रेची पिशवी घेऊन त्या बाकावर बसून होत्या. 2024 पासून आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. उशीर झाला तर वाढलेला खर्च कंपनीनं सोसायचा. काउंटरवर हे कुणाला ठाऊकच नव्हतं!

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, उत्तम झालं. पण हप्ता स्वस्त आणि क्लेम अडलेला, मग उपयोग काय? नकाराचं कारण लेखी, मराठीत मिळालंच पाहिजे. कंपनीकडे तक्रार करून दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही.