बँडच्या दोस्तानं त्याच बँडचं परीक्षण लिहावं का?

गोदाकाठकर (धागाकर्ता)
परवा गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत आपल्या गावच्या बँडचा कार्यक्रम ऐकला. पोरं मेहनती, गाणी स्वतःची आणि मराठीत. पण गायकाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांना आपला आवाज ऐकवणारा स्पीकर, ड्रमरच्या पायाशी होता. तिसऱ्या गाण्यापासून गायक सुराबाहेर गेला, शेवटी नुसता ओरडत राहिला. बेस गिटार इतकी घुमत होती की शब्द कळेनात. दुसऱ्या दिवशी नेटवर वाचलं तर काय, 'नाशिककर रसिक मंत्रमुग्ध'! लिहिणारे तिघेही बँडच्याच टेबलावर जेवत होते.

ज्याचं खाल्लं त्याचं परीक्षण लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रॉक पत्रकारितेत मी लेस्टर बँग्जला मानतो ते यासाठीच. कॅलिफोर्नियातल्या साध्या घरातला मुलगा. 1969 मध्ये रोलिंग स्टोन या अमेरिकी संगीत नियतकालिकाला आपणहून परीक्षण पाठवलं, तेही एमसी5 या बँडची रेकॉर्ड झोडपणारं, आणि ते छापून आलं. 1973 मध्ये कलाकारांचा मान राखत नाही म्हणून त्याच नियतकालिकानं त्याला काढलं. तोवर डेट्रॉइटच्या क्रीम मासिकात त्याचा जम बसला होता, तिथं त्यानं आपलं सगळ्यात कसदार लेखन केलं. आपल्याकडे असा एक तरी लिहिणारा हवा.

सिडकोचा बेसवाला
काका, बेस मीच वाजवत होतो. घुमत होता हे कबूल. पण मॉनिटरचं ऐका. कॅफेकडे मॉनिटर एकच होता. ड्रमरला गिटार ऐकू आली नाही तर ठेका घसरतो आणि सगळा डोलारा कोसळतो, म्हणून तो त्याला दिला. गायकानं स्वतःहून दिला. आमच्यात बसणाऱ्याला हे ठाऊक असतं, लांबून ऐकणाऱ्याला आम्ही फक्त बेसूर वाटतो.

आणि बँग्जचंच म्हणाल तर ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड 1970 मध्ये आली तेव्हा त्यानं ती मोडीत काढली होती. आज हेवी मेटल हा रॉकचा अख्खा प्रकार त्या रेकॉर्डवर उभा आहे. ते बँड तिकडचे, पचवलं त्यांनी. इथं गावात मूळ गाणी करणारे बँड मोजके. एकाला असं झोडपलं तर पुढच्या महिन्यात तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवताना दिसेल.

गोदाकाठकर
सॅबथबद्दल तो चुकला, पण मनापासून चुकला. त्याच माणसानं 1972 मध्ये क्रीममध्ये त्याच बँडवर दोन भागांत लेख लिहिला, तोही त्यांना गंभीरपणे घेऊन. एमसी5बद्दलही त्याचं मत पुढे पालटलं. आधीचं मत स्वतःचं होतं म्हणून तर ते बदलण्याला किंमत आली. मंत्रमुग्धवाल्यांनी काय बदलायचं?

रातपाळी
बँग्जला डोक्यावर घेताना शेवटही सांगा. 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या घरात गेला, वय 33. वेदनाशामक गोळ्या आणि सर्दीचं औषध एकत्र पोटात गेलं होतं. मी सातपूरला कंपनीत रात्रपाळी करून बँडवर लिहितो. छापील मजकुराचे पैसे कधी मिळतात, कधी फक्त अंक मिळतो. कार्यक्रमाचं जेवण मिळालं तर मी खातो आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. तत्त्व पाळायला आधी पगार लागतो. तो कोण देणार, यावर या धाग्यात अजून एक ओळ नाही.

पंचवटीकर
रातपाळींशी सहमत, आणि दोस्तीला एवढं वाईट ठरवू नका. अमेरिकी रॉक पत्रकार कॅमेरॉन क्रो पंधरा-सोळाव्या वर्षी बँडबरोबर हिंडून लिहायला लागला. वाईट परीक्षणांमुळे लेड झेपलिन या बँडचा रोलिंग स्टोनवर राग होता. 1975 मध्ये ते बोलले ते या 17 वर्षांच्या मुलाशी, कारण त्याचं आपल्या गाण्यावर प्रेम आहे हे त्यांना दिसत होतं. फटकळ माणसाला ती मुलाखत मिळाली नसती.

आपल्या देशातलं उदाहरण अमित सैगल यांचं. 1993 मध्ये अलाहाबादहून, म्हणजे मुंबई-दिल्लीपासून लांब, गंगेकाठच्या गावातून त्यांनी रॉक स्ट्रीट जर्नल हे रॉकवरचं नियतकालिक काढलं. पुढे ग्रेट इंडियन रॉक हा महोत्सवही त्यांनीच भरवला. लिहायचं त्यांनी आणि मंचही द्यायचा त्यांनी. अलिप्त राहिले असते तर लिहायला बँडच उरले नसते. नाशिकला आज असा माणूस हवा.

तिसरी घंटा
मराठीतला दाखला कुणीच देत नाही याचं वाईट वाटतं. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावानं गायकांवर लिहीत. स्वतः गाणारे, प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार, म्हणजे पुरते आतले. तरी गायकाचा आवाज कसा लागतो, तान कुठून उचलतो, हे ते बारकाईनं सांगत. रॉकवर असं मराठीत कोण लिहितं? गिटार कशी लावली होती, ड्रमर पुढे पळत होता की मागे रेलत होता, यावर चार ओळी लिहा. मग जेवण कुणाकडे केलंत हे मी विचारणार नाही. काकांचा पहिला परिच्छेद त्या जातीचा आहे, 'ज्याचं खाल्लं' हे पुढचं मला पटत नाही.

गोदाकाठकर
तिसरी घंटा, भोळ्यांचा दाखला चपखल आहे. तरी माझा आग्रह कायम. ओळख असावी, कार्यक्रमाआधी आवाज तपासतात त्या साउंडचेकला जावं, मॉनिटर कुणाला दिला हे विचारावं. बिल मात्र आपलं आपण भरावं. ते परवडत नसेल तर परीक्षणाऐवजी मुलाखत लिहावी आणि वर 'मुलाखत' असं छापावं. वाचणारा पोरगा शंभर-दोनशे रुपये तिकिटाला मोजतो, त्याला हे कळायला हवं.

सिडकोचा बेसवाला
मुलाखत चालेल. पण काका, मंत्रमुग्ध म्हणणाऱ्या त्या तिघांमुळे आम्हाला पुढची तारीख मिळाली, तुमच्या या धाग्यामुळे नाही मिळणार. कॅफेचा मालकही इथं वाचतो.