दरवर्षी पट्टकादंबच आरोपी का?

पाणथळ
परवा भिगवणला गेलो होतो. उजनीच्या कडेला हरभऱ्यात साठ-सत्तर पट्टकादंब चरत होते. डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे दुर्बिणीतून निवांत बघत होतो, तेवढ्यात शेताचा मालक बांधावरून ओरडला, "लांबूनच बघा हो, बर्ड फ्लू घेऊन येतात ती!"

हिवाळा आला की हे ठरलेलंच. मला ते मुळातच पटत नाही. बर्ड फ्लूचा विषाणू, इन्फ्लुएन्झा ए, हा पाणपक्ष्यांचा जुना भाडेकरू आहे. त्याच्या अंगावर एच आणि एन अशी दोन प्रथिनं असतात. त्यांचे एच १ ते १६ आणि एन १ ते ९ हे सगळे प्रकार पाणपक्ष्यांत सापडतात, आणि बदकाला त्याचा बहुतेक वेळा पत्ताही नसतो. पेशीत शिरण्यासाठी या विषाणूचं एच प्रथिन एका सांध्यावर कापलं जावं लागतं. साध्या विषाणूला ती कात्री फक्त आतड्यात आणि श्वसनमार्गात मिळते. एच५ किंवा एच७ कोंबड्यांच्या गर्दीत शिरला, की फिरता फिरता त्या सांध्यावर जादा अमिनो आम्लं येऊन बसतात. मग त्याला कात्री अंगभर मिळते, मेंदूतसुद्धा. मारक रूप घडतं ते असं, शेडमध्ये. आजच्या एच५एन१चा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात सापडला तोही पाळीव हंसात. पाखरांनी तो आपल्याकडून घेतलाय. आरोपीच्या पिंजऱ्यात पोल्ट्री हवी.

शेडवाला
साहेब, १९९६चा सातबारा दाखवून आजची जमीन मोजू नका. २०२१ च्या अखेरीस हा विषाणू अटलांटिक ओलांडून कॅनडात न्यूफाउंडलंडला पोचला. आमची कोंबड्या उचलायची, लिफ्टिंगची गाडी गेली होती का तिकडे? २०२३ च्या ऑक्टोबरात अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटांवर स्कुआ पक्षी मेले. तिथे कोणाची पोल्ट्री? आणि २०२१ च्या जानेवारीत हिमाचलात पोंग धरणावर तुमचे हेच पट्टकादंब हजारोंनी मेले ते विसरलात?

माझं ५,०००चं ब्रॉयलर शेड आहे. दाराशी चुना, पायासाठी लाल औषधाची पाटी, आतली चप्पल वेगळी, कावळ्यांना अडवायला जाळी. एवढं करूनही १ किलोमीटरच्या आत कुणाची एक कोंबडी पॉझिटिव्ह निघाली की माझी ठणठणीत बॅच खड्ड्यात. भाव पडतो तो वेगळाच. दुर्बीण घेऊन येणाऱ्याला यातलं काय कळणार?

पाणथळ
पोंगला मेले ते बळी होते की वाहक? मेलेलं पाखरू हिमालय ओलांडत नाही.

शेडवाला
मरायच्या आधी तर उडतं ना?

आठतुकडे
विषाणूंच्या जनुकक्रमांवर काम करते म्हणून मध्ये पडते. तुम्ही दोघं त्याला एकच प्राणी समजून भांडताय. याचा जनुकसंच म्हणजे आरएनएचे आठ सुटे तुकडे. एकाच बदकात दोन वेगळे विषाणू एका वेळी शिरले, की बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंत तुकड्यांची सरमिसळ होते. पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसं. एच५एन१ची २.३.४.४बी नावाची जी शाखा अमेरिकेत पोचली तिने नेमकं हेच केलं. एच५ जवळ ठेवला आणि बाकीच्यातले काही तुकडे तिथल्या बदकांकडच्या साध्या विषाणूंतून उचलले. त्यातून बी३.१३, डी१.१ असे नवे उपप्रकार झाले. डी१.१चा तर एन१सुद्धा अमेरिकी बदकांकडचा आहे. ही पिसणी रानातच झाली, शेडमध्ये नाही. इथवर शेडवाल्यांचं बरोबर.

पण पुढे वाचा. २५ मार्च २०२४ ला अमेरिकेत दुभत्या गायींत बी३.१३ असल्याचं नक्की झालं. वेगवेगळ्या राज्यांतल्या गायींचे क्रम एकमेकांशी इतके जुळतात, की पक्ष्यातून गायीत तो बहुधा एकदाच, २०२३-२४ च्या हिवाळ्यात उतरला असावा. त्यानंतर तो राज्याराज्यांत फिरला तो पंखांवरून नव्हे. जनावरांचे ट्रक आणि दूध काढायची यंत्रं यांनी फिरवला. कासेत विषाणू, यंत्राच्या कपात विषाणू, पुढची गाय त्याच कपाला. तिथून तो पुन्हा कोंबड्यांच्या शेडमध्येही गेला. म्हणजे रानात पिसला, माणसाने वाटला. आणि २०२५ च्या सुरुवातीला नेवाडा आणि ॲरिझोनामधल्या गायींत डी१.१ही सापडला. तेव्हा "पुन्हा होणार नाही" असं कुणी म्हणू नये.

लांडगाआला
मी १९९७ पासून ऐकतोय. हाँगकाँगला १८ जणांना झाला, ६ गेले, तेव्हापासून "आता महासाथ". विषाणूच्या पीबी२ प्रथिनात ६२७व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल आलं की सस्तन प्राण्यांत जोरात वाढतो म्हणतात. बरं. २००५ मध्ये चीनच्या किंघाई सरोवरावर पट्टकादंब मेले, त्या विषाणूत हा बदल होताच. त्याच वंशाचा विषाणू युरोपात, आफ्रिकेत गेला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आला. तेव्हा मी तिकडेच होतो. खड्ड्यांवर चुना पडताना पाहिलाय. गावात एकालाही झाला नाही. कुठे गेली तुमची महासाथ? बदल सापडला की मथळा आणि मथळा आला की चिकनचा भाव खाली, एवढंच होतं.

आठतुकडे
चांगलं उदाहरण काढलंत, पण ते अर्धंच सांगितलंत. ६२७चा बदल हे एकच कुलूप आहे. पक्ष्यांच्या पेशीत एएनपी३२ए नावाचं प्रथिन असतं, ते आपल्यापेक्षा ३३ अमिनो आम्लांनी लांब. विषाणूच्या छपाईयंत्राला (पीबी२ त्याचाच भाग) त्याची सवय. आपल्या पेशीत ते आखूड प्रथिन मिळालं की यंत्र अडतं, आणि ६२७, ७०१, ५९१ अशा जागांवरचे बदल ती अडचण दूर करतात. दुसरं कुलूप नाकाघशात आहे. तिथे चिकटायला एच प्रथिनाची पकड बदलावी लागते आणि ती अजून पुरती बदललेली नाही. किंघाईच्या विषाणूने पहिलं उघडलं होतं, दुसरं नाही.

मला काळजी आहे ती मथळ्यातल्या एकेका बदलाची नाही. पेरू आणि चिलीत समुद्रसिंह मेले. २०२३ च्या ऑक्टोबरात अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची अंदाजे १७,००० पिल्लं गेली. तिकडच्या सागरी सस्तन प्राण्यांतल्या विषाणूंत ७०१ आणि ५९१ हे दोन्ही बदल जोडीने टिकून आहेत, एका देशातून दुसऱ्यात. एखाद्या कोल्ह्याने मेलेलं बदक खाल्लं आणि तो मेला, तर बदल त्याच्याबरोबर संपतो. इथे तो पुढे सरकत गेला. सीलकडून सीलला.

डॉक्टर_पशू
सील लांब राहिले, नागपूर बघा. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने जानेवारीत एच५एन१ असल्याचं सांगितलं. हे "होईल का" असं विचारायचं प्रकरण उरलेलं नाही. थायलंडमध्ये २००४ मध्ये एका ठिकाणच्या ४४१ वाघांपैकी १४७ मेले किंवा मारावे लागले. सुरुवात कच्च्या कोंबडीच्या सांगाड्यांपासून झाली, पण ते खाऊ घालणं थांबवल्यावरही आजार पसरत राहिला, बहुधा वाघाकडून वाघाला.

लांडगाआला, गोष्टीत शेवटी लांडगा येतो बरं का.

लांडगाआला
येतो. पण तोवर गावाचा ओरडणाऱ्यावरचा विश्वास उडालेला असतो. माझा मुद्दा तोच आहे.

मिसळपाव_नको
एवढं सगळं वाचलं. अंडं खायचं की नाही ते सांगा.

डॉक्टर_पशू
पूर्ण उकडून खा. हाफ फ्राय सोडा. दूध तापवून प्या, आपल्याकडे तसंही तापवतातच. टेक्ससच्या गोठ्यांत मांजरं मेली ती कच्चं दूध पिऊन.

शेडवाला
आठतुकडे ताई, तुमचं बरंचसं पटलं. एक सांगा. आमच्या भागात रोग आला तर तो तळ्यावरून आला, बाजारातल्या पिंजऱ्यातून आला की शेजारच्या शेडमधून, हे क्रमावरून कळेल?

आठतुकडे
कळू शकतं, पण जोडीला ठेवायला नमुने हवेत. तुमच्या कोंबडीचा क्रम काढला आणि तळ्यावरच्या बदकांचे, बाजारातल्या कोंबड्यांचे, मेलेल्या कावळ्यांचे क्रमच नसले, तर ताडून कशाशी बघणार? कुळाचा एकच माणूस समोर उभा करून वंशावळ लिहा म्हटल्यासारखं होतं. सध्या बहुतेक तपासणी पाखरं मेल्यावर होते. धडधाकट बदकांची विष्ठा हिवाळाभर गोळा केली, तर निदान पाणथळसाहेबांचा आरोपी निर्दोष आहे का ते तरी समजेल.

पाणथळ
विष्ठा गोळा करायला आमचा पक्षिमित्रांचा गट एका पायावर तयार आहे.

डॉक्टर_पशू
परवानगी आणि प्रशिक्षण असल्याशिवाय हात लावू नका. पिशवीत घालून गाडीच्या डिकीत टाकाल आणि तिथून थेट एखाद्या शेडवर चहा प्यायला जाल. मेलेलं पाखरू दिसलं तरी लांबूनच जागा नोंदवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे पडायला लागले तेव्हा लोकांनी ते बघितले, कळवले, म्हणूनच नमुने भोपाळला गेले.

शेडवाला
कळवलं की पहिली गदा माझ्यावर येते, म्हणून कोणी कळवत नाही, हे पण लिहा. आमच्याकडे एकाने मेलेला कावळा गुपचूप पुरला. खोटं कशाला सांगू, मीच पुरला. हातमोजे घातले होते.

पाणथळ
हे तुम्ही इथे लिहिलंत हेच खूप झालं. माझंही थोडं दुरुस्त करतो. "पोल्ट्री आरोपी" नको, "सुरुवात पोल्ट्रीतून" असं म्हणतो. २०२१ नंतर तो रानातही घर करून बसलाय, हे मान्य. शीर्षक मात्र बदलणार नाही.

शेडवाला
बदला हो. निदान "पट्टकादंब आणि कावळा पुरणारा" असं तरी करा.